आजींचे नाव मोठे आहे आणि नात गाणे टाळते आहे, तेव्हा काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मातोश्री ख्यालगायनातील नावाजलेल्या गायिका आहेत. आपली मुलगी तेरा वर्षांची असून अगदी लहानपणापासून ती आजीसमोर बसून शिकत आली आहे. गेल्या वर्षापासून मात्र आजी घरात असल्या की ती तानपुऱ्याला हात लावत नाही, आणि त्या कार्यक्रमासाठी बाहेरगावी गेल्या की खोलीचे दार लावून गाते. एका स्पर्धेत परीक्षकांनी निकाल सांगताना तिच्या आधी आजींचे नाव घेतले, तेव्हापासून तिने स्पर्धांना जाणेही सोडले. तिला दुसऱ्या गुरूंकडे पाठवावे का, तसे केल्यास आजींचा अवमान होईल का, आणि उद्या तिने गाणेच सोडायचे म्हटले तर काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की तिला दुसरीकडे पाठवावे, आणि ते याच वर्षी करावे. आजींनी स्वतः तिला नव्या गुरूंकडे नेऊन बसवले तर अवमानाचा प्रश्न उरणार नाही. गाणे सोडण्याविषयी पुढे लिहिते, परंतु आपण दिलेल्या माहितीवरून मुलीला गाणे सोडायचे आहे असे मला वाटत नाही. जी मुलगी दार लावून गाते तिला गाणे हवेच आहे. फक्त गाताना कोणी ऐकत असलेले तिला नको आहे.

कलावंतांच्या घरातली बरीच मुले माझ्याकडे शिकून गेली आहेत. त्यांच्या पालकांना वाटते की मुलांना तुलनेचा त्रास होतो. तुलनेचा त्रास असतोच, पण तो बाहेरचा असतो आणि बहुतेक मुले तो पचवतात. ज्या गोष्टीचा अभाव त्यांना आतून खातो ती निराळी आहे. सामान्य घरातले मूल शिकायला लागते तेव्हा पहिली चार-पाच वर्षे ते बेसूर गाते, ताल सोडते, समेवर चुकते, आणि हे चुकले आहे हे घरात कोणालाही कळत नाही. आई म्हणते, छान गायलीस. आठवड्यातून दोन दिवस गुरूंसमोर चूक दिसते, उरलेले दिवस मूल आपल्या कच्च्या गळ्याशी एकटे असते आणि त्या एकटेपणात ते धीट होते. गायिकेच्या घरात असा एकही दिवस मिळत नाही. आजी मुद्दाम ऐकत नसतात, त्या स्वयंपाकघरात असतात किंवा वर्तमानपत्र वाचत असतात, पण निषाद जरा उतरला की त्यांच्या तोंडून आपसूक एक हुंकार निघतो, किंवा वर्तमानपत्राचे पान उलटायचे थांबते. साठ वर्षे घडवलेला कान मिटून घेता येत नाही. मुलीला तो हुंकार भिंतीपलीकडून ऐकू येतो आणि पुढची तान ती घेतच नाही. चूक करण्यासाठी जी आडोशाची जागा लागते, ती प्रसिद्ध माणसाच्या घरातल्या मुलाला मिळत नाही. आपल्याला जे काही करायचे आहे, ते तिला ती जागा मिळवून देण्यासाठी करायचे आहे.

तेराव्या वर्षीच हे का सुरू झाले, त्याला एक शारीरिक कारणही आहे आणि ते घरात सर्वांना माहीत असावे. आवाज फुटतो तो फक्त मुलांचा, असा आपल्याकडे समज आहे. मुलींचाही आवाज या वयात बदलतो. तो फरक मुलांइतका ठळक नसतो, पण काही काळ आवाजात हवा मिसळते, वरच्या सुरांवर तो अचानक पातळ होतो, आणि काल सहज लागणारा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आज लागत नाही. बालपणी जिचे "आजीचाच गळा आहे हो" असे कौतुक झाले, तिला नेमक्या याच वेळी आपला गळा आपल्याला सोडून चालला आहे असे वाटते. त्यात पट्टीची, म्हणजे ज्या उंचीच्या स्वराला सा धरून गायचे त्याची, अडचण भर घालते. वयोमानाने आजींचा आवाज उतरला असणार. त्या आता पेटीच्या काळी तीन या पट्टीवर किंवा त्याहून खाली गात असतील आणि मुलीला काळी चार किंवा काळी पाच सोयीची असेल, तर आजींच्या तानपुऱ्यावर त्यांच्याच पट्टीत गाताना तिच्या खर्जावर, म्हणजे खालच्या सुरांवर, नको तितका दाब येतो आणि तिचा मोकळा तार सप्तक बंदच राहतो. घरात नेहमी आजींच्या पट्टीत जुळवलेला तानपुरा असतो, म्हणून सवयीने हे वर्षानुवर्षे चालू राहते. तिचा स्वतःचा तानपुरा, तिच्या पट्टीत, तिच्या खोलीत असणे ही पहिली गरज आहे. वाद्य लगेच घेता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर चालवावे, पण पट्टी तिची असली पाहिजे.

आपल्या संगीताच्या इतिहासात ही अडचण नवी नाही, आणि ज्यांनी ती ओळखली त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई या कर्नाटक संगीत गाणाऱ्या होत्या. मुलगी हिंदुस्थानी संगीत शिकू लागली तेव्हा तिच्या कानावर दुसऱ्या पद्धतीचे संस्कार मिसळू नयेत म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे थांबवले. इतका मोठा त्याग कोणाकडे मागावा असे मी म्हणत नाही, आणि आपल्या मातोश्रींकडे तर मुळीच नाही. परंतु त्या माउलीला एक गोष्ट नेमकी कळली होती की घरात सतत ऐकू येणारा समर्थ आवाज हीच एक तालीम असते, मग ती कोणी देत असो वा नसो. मुलीने काय शिकावे हे ठरवताना घरात काय ऐकू येते याचाही विचार करावा लागतो.

याच कुटुंबातली पुढची पिढी मला नेहमी विचारात पाडते. गंगूबाईंच्या कन्या कृष्णा हनगल स्वतः उत्तम गायिका होत्या आणि त्यांनी आयुष्यभर आईच्या मागे बसून साथ केली. गंगूबाईंचा भारदस्त स्वर आणि त्याला जोडून येणारा कृष्णाबाईंचा आवाज ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला, त्यांना त्या दोघी वेगळ्या आठवतच नाहीत. कृष्णाबाईंनी जे केले त्याला कोणी बाहेरच्याने त्याग किंवा अन्याय म्हणू नये. मागे बसून गाणे ही स्वतंत्र कला आहे आणि ती कमी प्रतीची नाही. मात्र आपल्या मुलीच्या बाबतीत ते सवयीने घडू नये. आज तानपुऱ्यावर, उद्या मागे स्वर द्यायला, परवा आजींना दम लागला की तान पूर्ण करायला, असे करत ती तिशीत पोहोचेल आणि समोरच्या जागेवर बसून गावे की नाही, हे तिला कोणी कधी विचारलेलेच नसेल. तो प्रश्न तिला वेळेवर विचारला जावा. मग तिने मागची जागा निवडली तरी ती तिची निवड असेल.

आता आपण म्हणाल की आईकडेच शिकून मोठ्या झालेल्या गायिका आहेतच. आहेत, आणि सर्वांत मोठे उदाहरण किशोरीताई आमोणकरांचे आहे. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीच्या, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाई शिकवताना स्थायी-अंतरा दोनदा म्हणत, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात जे उचलता येईल ते उचलायचे, असे किशोरीताईंनी मुलाखतींत सांगितले आहे. या कठोरपणाचे लोक कौतुक करतात, पण मला त्यात आणखी काही दिसते. तालमीच्या वेळी मोगूबाई फक्त गुरू होत्या. तालमीला सुरुवात होती आणि शेवट होता. दिवसभर येताजाता सुधारणा करणे आणि तासभर बसवून दोनदाच सांगणे या दोन्ही गोष्टींनी मुलांच्या मनावर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो. पहिल्यात मूल कधीच सुटत नाही, दुसऱ्यात शिस्त कडक असली तरी तासानंतर ते मोकळे असते. शिवाय किशोरीताईंचे शिक्षण केवळ आईपाशी झाले नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर आणि आग्रा घराण्याचे अन्वर हुसेन खाँ यांच्याकडेही त्या शिकल्या. अश्विनीताई भिडे-देशपांडे यांची तालीम आई माणिकताईंकडे झाली, पण त्याआधी त्या नारायणराव दातारांकडे शिकल्या होत्या. कुमार गंधर्वांचे पुत्र मुकुल शिवपुत्र वडिलांखेरीज के. जी. गिंडे यांच्याकडे आणि कर्नाटक संगीतासाठी एम. डी. रामनाथन यांच्याकडे शिकले. शौनक अभिषेकी वडील जितेंद्रबुवांकडे शिकले आणि कमलताई तांबे यांच्याकडेही शिकले. मोठ्या कलावंतांच्या मुलांनी आणखी कोणाच्या तरी दारी जाऊन बसणे हा आपल्याकडे जुना रिवाज आहे. हे आजींपुढे मांडताना माझे मत म्हणून न मांडता ही नावे घेऊन मांडावे. त्या स्वतः त्यांतल्या बहुतेकांना ओळखत असतील आणि त्यांना ते पटायला वेळ लागणार नाही.

नवे गुरू कसे निवडावेत याविषयी माझी काही ठाम मते आहेत. ते आजींचे शिष्य नसावेत. आजींच्या शिष्याला या मुलीत सतत आपल्या गुरू दिसत राहतील. तिला रागवताना तो कचरेल किंवा आपली निष्ठा दाखवण्यासाठी अधिकच कठोर होईल, आणि तिच्या प्रत्येक प्रगतीची वार्ता संध्याकाळच्या आत घरी पोहोचेल. घराण्याचा प्रश्न त्यामानाने गौण आहे. या वयात आवाज लावणे, आकार, लय आणि रागाची शिस्त शिकायची असते. त्यासाठी सरळ, स्वच्छ गायकीचे कोणीही चांगले शिक्षक चालतील; ग्वाल्हेर अंगाचे मिळाले तर मला विशेष आनंद होईल, कारण त्या गायकीत बंदिशीची मांडणी स्पष्ट असते आणि पाया भक्कम होतो. आजींच्या घराण्याची खास वळणे पुढे कधीही घेता येतात, आणि ती तिच्या कानात आधीच पुष्कळ आहेत.

फीबद्दलही लिहिते, कारण त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. "आजींची नात आहे, तिच्याकडून काय घ्यायचे" असे नवे गुरू म्हणतील. ते ऐकू नये. इतर विद्यार्थी देतात तितकीच फी दर महिन्याला, शक्य तर मुलीच्या हातून, द्यावी. फुकट शिकणारी नात त्या वर्गात पाहुणी ठरते आणि पाहुणीला कोणी पुन्हा पुन्हा पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घोटायला लावत नाही. वर्गातल्या इतर मुलांमध्ये बसून, आपली पाळी येईपर्यंत थांबून, दुसऱ्याची चूक आणि आपली चूक सारखीच आहे हे अनुभवणे तिला सर्वाधिक उपयोगी पडणार आहे.

घरात काय पाळावे? तिच्या रियाझाच्या वेळी आजी घराबाहेर असतील किंवा घराच्या दुसऱ्या टोकाला असतील, असे पाहावे. तिचे गाणे फोनवर टिपून नातेवाइकांच्या समूहात पाठवू नये. आपण कौतुकाने पाठवता, पण तिच्या कच्च्या गळ्याची ती नोंद कायमची राहते आणि आजींच्या एखाद्या चाहत्याने ती पुढे पाठवली की तिचा आडोसा संपतो. नव्या गुरूंनी शिकवलेली बंदिश आजींना म्हणून दाखव, असे कोणीही म्हणू नये. मुलीने आपणहून काही विचारले तर आजींनी तेवढ्याचेच उत्तर द्यावे. आजींना हे फार जड जाणार आहे याची मला कल्पना आहे. ज्या हाताने इतरांच्या मुली घडवल्या, तो आपल्या नातीपासून आवरून धरायचा, हे सोपे नाही. त्यांना आपण स्पष्ट सांगावे की ही वेळ काही वर्षांची आहे आणि पुढे मुलगी त्यांच्याकडे बहुधा परत येईल. पण येईल ती विद्यार्थिनी म्हणून, काय विचारायचे आहे ते ठरवून.

तोवर आजी तिला गाणे सोडून इतर सर्व देऊ शकतात. तानपुरा जुळवणे शिकवावे, तारेला गुंजन देणारी जवारी कशी लावतात ते दाखवावे, खुंट्या आणि मणी हाताळू द्यावेत. कानाचे हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही आणि त्यात तिला गावे लागत नाही. आपल्या गुरूंच्या, जुन्या मैफलींच्या, प्रवासाच्या गोष्टी सांगाव्यात, आणि त्यांत फजितीच्या गोष्टीही असाव्यात. आवाज बसला तेव्हा काय केले, श्रोते उठून गेले तेव्हा कसे वाटले, हे नातीला ठाऊक नसते. तिने आजींना टाळ्यांच्या आवाजातच पाहिले आहे. मोगूबाईंबरोबर तानपुऱ्यावर जाताना आईला कलावंत म्हणून मिळणारी वागणूक किशोरीताईंनी लहान वयात पाहिली होती, कमी बिदागी आणि राहण्याजेवण्याची हेळसांड पाहिली होती, आणि कलावंताच्या मानाविषयी त्या पुढे इतक्या आग्रही का झाल्या, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. जे मूल यशामागचे कष्ट पाहते ते त्या यशाला घाबरत नाही.

म्हणूनच आजींच्या मैफलीत तानपुऱ्यावर बसणे तिने सोडू नये, अर्थात तिची इच्छा असेल तर. मोठ्या कलावंताच्या मागे बसून दोन तास राग उलगडताना ऐकणे, तबलजीकडे पाहून लय कशी बांधली जाते ते जवळून बघणे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. फक्त एक अट असावी: मध्येच वळून "तू म्हण" असे आजींनी म्हणू नये. श्रोत्यांना ते दृश्य फार आवडते आणि मुलीला त्याची धास्ती मैफल संपेपर्यंत राहते.

स्पर्धेतल्या त्या प्रसंगाविषयी मी परीक्षकांना फार दोष देत नाही, त्यांना आदरच व्यक्त करायचा होता. पण पुढची दोन-तीन वर्षे स्पर्धा नकोतच. त्याऐवजी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात. तेथे ठरलेला अभ्यासक्रम असतो, समोर एक-दोन परीक्षक असतात, टाळ्या नसतात. पुढे कधी व्यासपीठावर गाईल तेव्हा आयोजकांना आधीच लिहून कळवावे की परिचयात तिच्या गुरूंचे नाव घ्यावे, आजींचे घेऊ नये. तिचे आडनाव ऐकून सभागृहाला जे कळायचे ते कळेलच. श्रोते मोठ्या घरच्या मुलांना पहिली दहा मिनिटे कौतुकाने ऐकतात आणि त्यानंतर इतरांपेक्षा कडक होतात. यासाठी तिची तयारी हवी.

तिच्या वर्गातल्या मुली तिला म्हणत असतील की तुला काय, तुझी आजीच आहे. यावर "तसे काही नसते" असे आपण तिला सांगू नये, कारण तसे असते. चांगले तानपुरे, चांगले कान, थोरामोठ्यांचे येणेजाणे, एका फोनवर मिळणारे कार्यक्रम, हे सर्व तिला इतरांपेक्षा सहज मिळणार आहे आणि ज्या मुलीला ते मिळणार नाही तिच्यावर तो अन्यायच आहे. हे तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. ज्या मुलांशी हे बोलले जात नाही त्यांना आपले खरे कमावलेले यशही उसने वाटू लागते.

काही मुलांच्या आयुष्यात प्रसिद्ध माणूस केवळ आवाजाच्या रूपाने असतो. वसंतराव देशपांडे 1983 साली गेले तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते; त्यांच्यापर्यंत आजोबा आले ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून आणि लोकांच्या आठवणींतून. अशा मुलांना तुलना सोसावी लागते, पण घरात ऐकणारे कान नसतात, त्यामुळे त्यांची वाट निराळी असते. आपल्या मुलीसाठी यातून घ्यायचे ते एवढेच की आजींची ध्वनिमुद्रणे तिच्यापासून लपवू नयेत आणि तिच्यावर लादूही नयेत. तिने इतर गायिकाही भरपूर ऐकाव्यात. हिराबाई बडोदेकर ऐकाव्यात, ज्यांचे वडील साक्षात अब्दुल करीम खाँ होते आणि तरी ज्यांची मुख्य तालीम अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे झाली.

राहता राहिला गाणे सोडण्याचा प्रश्न. वर लिहिलेले सारे करूनही दोन वर्षांनी ती म्हणाली की मला हे नको, तर तिला थांबवू नये आणि घरात शोककळा पसरू देऊ नये. गाणे आणि उपजीविका एकच असली पाहिजेत असेही नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे पुत्र राजशेखर मन्सूर धारवाडला कर्नाटक विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते; त्यांनी वडिलांच्या मागे बसून गायले, अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतल्या अनवट रागांचा ठेवा सांभाळला, आणि पोटासाठी मात्र साहित्य शिकवले. आपल्या मुलीला विज्ञान आवडत असेल, चित्रे काढावीशी वाटत असतील, तर तिकडे जाऊ द्यावे. त्या क्षेत्रात तिची आजी कोण हे कोणी विचारणार नाही, आणि काही मुलांना तेवढाच मोकळा श्वास हवा असतो.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी हे बदल करावेत, म्हणजे नवा वर्ग नव्या वर्षाचाच भाग वाटेल. आजींशी आपण आधी एकट्याने बोलावे, मुलीसमोर बोलू नये. त्या तयार झाल्या की नव्या गुरूंकडे जाताना त्यांनीच सोबत जावे, श्रीफळ त्यांच्या हातून द्यावे आणि नमस्कार करून लगेच निघावे. पहिल्या दिवशीची शिकवणी ऐकायला त्यांनी थांबू नये.